ड्रमकिट रेकॉर्डिंग : सध्या चार माइकवर मुक्काम

सेटअप आता चार माइकवर आला आहे. वर दोन ओव्हरहेड (किटच्या वर टांगलेले माइक), स्नेअरवर (खाली तारा लावलेला ड्रम) एक, किकमध्ये (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) एक. टॉमना, म्हणजे बाकीच्या ड्रमना, वेगळे माइक नाहीत आणि तूर्त त्यांची उणीवही भासत नाही. माइक वाढवला की आवाज थोडा वाढतो, पण एकच ठोका आणखी एका वेगळ्या क्षणी रेकॉर्ड होतो, आणि मिक्सिंगला बसल्यावर त्याची किंमत मोजावी लागते. म्हणून या वेळी क्रम ठरवून काम केलं: आधी फक्त ओव्हरहेडमध्ये अख्खं किट पटण्यासारखं ऐकू आलं पाहिजे, मग बाकीच्या माइकचे फेडर (आवाज कमी-जास्त करायच्या सरकपट्ट्या) वर करायचे.

ओव्हरहेडला लहान डायफ्रॅमचे (आवाजाने थरथरणाऱ्या पडद्याचे) दोन कार्डिऑइड, म्हणजे समोरून जास्त आणि मागून कमी ऐकणारे, कंडेन्सर माइक आहेत, एकाच मॉडेलचे. मोठ्या डायफ्रॅमचेही लावून पाहिले. किटचं अंग त्यात जास्त भरदार वाटतं. मात्र बाजूने येणाऱ्या आवाजाचा पोत त्यांच्यात जास्त बदलतो, आणि ओव्हरहेडला निम्मं किट बाजूनेच ऐकू येत असतं. टोकाच्या क्रॅश आणि राइड या झांजा स्वच्छ हव्या होत्या, म्हणून लहान डायफ्रॅम.

जागेसाठी इंग्लिश साउंड इंजिनिअर ग्लिन जॉन्स यांच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत घेतली. एक माइक स्नेअरच्या वर साधारण एक मीटरवर, खाली पाहणारा. दुसरा फ्लोअर टॉमच्या बाजूला, त्याच्या रिमपेक्षा (काठापेक्षा) वीतभर वर, किटच्या आडवा हाय-हॅटकडे (पायाने मिटणाऱ्या झांजांच्या जोडीकडे) रोखलेला. दोन्ही माइक स्नेअरच्या मध्यापासून सारख्याच अंतरावर हवेत, सगळी मेख तिथेच आहे. टेपपेक्षा दोरी सोयीची: एक टोक स्नेअरच्या मध्यावर दाबून धरायचं, पहिल्या माइकच्या तोंडापर्यंत ताणून तिथे गाठ मारायची आणि तीच गाठ दुसऱ्या माइकला टेकेपर्यंत स्टँड सरकवायचा. काम एकट्याचं नाही, दोरी धरायला कुणीतरी लागतंच.

इतका काटेकोरपणा कशाला, तर साधं गणित आहे. खोलीच्या तापमानाला आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. स्नेअरपासूनच्या अंतरात १७ सेंटिमीटरचा फरक पडला, तर एक माइक अर्धा मिलिसेकंद उशिरा ऐकतो. दोन्ही सिग्नल एकत्र केले की साधारण १००० हर्ट्झला खड्डा पडतो, पुढचा ३००० ला, त्यापुढचा ५००० ला. स्नेअरचा कडकपणा नेमका याच पट्ट्यात असतो. एक माइक डावीकडे आणि एक उजवीकडे ठेवून ऐकताना हे लपून जातं. दोन्ही बाजू एकत्र करणारं मोनोचं बटण दाबलं की स्नेअर एकदम पातळ होतो. त्यामुळे जागा ठरवताना मी मोनोतच ऐकतो.

इथे तीनास एकचा नियम (दोन माइकमधलं अंतर माइक आणि त्याच्या वाद्यातल्या अंतराच्या तिप्पट ठेवणं) हमखास पुढे केला जातो. तो नियम वेगवेगळ्या वाद्यांसमोर वेगवेगळे माइक असताना एकाचा आवाज दुसऱ्यात किती गळतो यासाठी आहे. अंतर तिप्पट केलं की गळती साडेनऊ डेसिबलने खाली जाते, एवढाच त्याचा आधार. एकाच किटकडे पाहणाऱ्या दोन ओव्हरहेडना तो लावून काही हाती लागत नाही.

छत बुटकं असेल तर मात्र दोरीही पुरत नाही. माइक छतापासून ३० सेंटिमीटरवर असेल, तर छतावरून परतणारा आवाज सुमारे ६० सेंटिमीटर जास्त फिरून येतो, आणि २८५ हर्ट्झच्या आसपास किट पोकळ वाटू लागतं. माइकच्या वर छताला रॉकवूलचं जाड पॅनेल लावल्यावर झांजांचा वरचा कर्कशपणा बराच निवळला. पोकळपणा त्याने कमी झाला, पूर्ण गेला नाही. त्यासाठी माइकच थोडे खाली घ्यावे लागले.

स्नेअरवर शुअर एसएम ५७. त्याबद्दल नवं सांगण्यासारखं काही नाही. कोन मात्र महत्त्वाचा. हा माइक कार्डिऑइड आहे, म्हणजे सर्वांत बहिरा तो बरोबर मागच्या बाजूला. ती पाठ हाय-हॅटकडे करायची आणि तोंड रिमच्या दोन-तीन बोटं वरून हेडच्या (ड्रमवर ताणलेल्या पडद्याच्या) मध्याकडे. सुपरकार्डिऑइड वापरत असाल तर हिशेब बदलतो: त्याची बहिरी दिशा मागे नसते, समोरच्या अक्षापासून सुमारे १२६ अंशांवर असते. तो सरळ पाठ करून लावला तर हाय-हॅट मागून आत येतोच.

किकला एकेजी डी ११२. पुढच्या हेडच्या भोकात अगदी तोंडाशी ठेवला तर प्रत्येक ठोक्याला हवेचा झोत बसतो. आत बीटरच्या (किकवर आपटणाऱ्या दांड्याच्या) जवळ नेला तर टकटक स्पष्ट, पण पोट हरवतं. सध्या तो कवचाच्या साधारण मध्यावर, बीटरच्या रेषेपासून किंचित बाजूला आहे. मेटल संगीताला आणखी आत गेलेला चालेल, मला धप्प हवा होता.

मग पोलॅरिटी, म्हणजे सिग्नल सुलटा की उलटा. किकचा फेडर ओव्हरहेडबरोबर वर घेऊन बटण उलटसुलट करायचं आणि ज्या स्थितीत तळ जास्त भरतो ती ठेवायची. स्नेअरलाही तेच. क्लोज माइकचा (स्नेअर-किकजवळच्या माइकचा) ट्रॅक सॉफ्टवेअरमध्ये सरकवून ओव्हरहेडशी जुळवणारेही आहेत. ओव्हरहेड मीटरभर वर असल्याने दोघांतला वेळेचा फरक तीन मिलिसेकंदांच्या आतबाहेर असतो. मी सरकवत नाही, कारण त्या उशिरामुळेच किट खोलीत वाजत असल्यासारखं वाटतं. ज्याला घट्ट, कोरडा आवाज हवा त्याने जरूर सरकवावं.

गेन २४ बिटवर, सर्वांत जोरातले ठोके उणे दहा डेसिबलच्या आसपास. साउंडचेकला ड्रमर नेहमीच हळू वाजवतो, हे धरूनच मोकळी जागा ठेवायची. आणि झांजा झोडपणारा ड्रमर असेल तर वर कुठलाही माइक टांगा, स्नेअर मागेच राहणार. त्यावर इलाज एकच, हात हलका करायला सांगणं, आणि ते मैत्री सांभाळून सांगावं लागतं.

आता स्नेअरच्या खालचा माइक लावून पाहतो आहे. वरचं हेड खाली दबतं तेव्हा ते वरच्या माइकपासून दूर जातं आणि खालच्याकडे येतं, म्हणून खालच्याची पोलॅरिटी उलटवूनच सुरुवात केली. तारांची सळसळ मिळते, पण किकच्या प्रत्येक ठोक्यालाही त्या तारा थरथरतात आणि तेही त्यात येतं. शांत गाण्यात तो फेडर जेमतेम उघडतो. पाचवा चॅनेल त्यालाच द्यायचा की फ्लोअर टॉमला, हे पुढच्या रेकॉर्डिंगमध्ये ब्रश वापरले जातात की काठ्या, त्यावर ठरवेन.