पुरावा जोडायची गरज नाही

पीएचडी करता करता इथे ब्रिटनमध्ये पहिल्या वर्षाच्या मुलांची ट्युटोरियल्स, म्हणजे छोट्या गटांचे तास, घ्यावी लागतात. लागतात म्हणजे सक्ती नाही, तासाचे पैसे मिळतात म्हणून आम्ही सगळेच घेतो. सत्र सुरू व्हायच्या आधी विद्यापीठाच्या स्टुडंट सपोर्ट विभागाकडून एक यादी येते. कोणासाठी काय वेगळं करायचं, एवढंच त्यात असतं, आजाराचं नाव नसतं. एकाला स्लाइड्स दोन दिवस आधी हव्यात. एकीला दाराजवळची जागा हवी, आणि ती मध्येच उठून गेली तर कुठे चाललीस म्हणून विचारायचं नाही. एक जण सगळा तास रेकॉर्ड करणार. आणि एकाच्या नावापुढे लिहिलं होतं: या विद्यार्थ्याला वर्गात अचानक प्रश्न विचारू नये.

हे शेवटचं वाचलं आणि माझं डोकंच फिरलं. ट्युटोरियलमध्ये प्रश्न विचारायचे नाहीत तर करायचं काय? आपण सगळे ‘मागच्या बाकावरचा, तू सांग’ ऐकत मोठे झालो. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांसमोर पाय लटपटले, घशाला कोरड पडली, पण उत्तरं दिली. भीती वाटते म्हणून विचारायचंच नाही, तर ती भीती जाणार कधी? हे सगळं मी शेजारच्या टेबलावरच्या सहकारी मुलीला सुनावलं. ती स्कॉटलंडची आहे, फार बोलत नाही. ‘कायदा आहे,’ म्हणाली आणि पुन्हा स्क्रीनकडे वळली.

कायदा आहे हे खरं. २०१० चा इक्वॅलिटी ॲक्ट. शारीरिक किंवा मानसिक अडचण रोजच्या जगण्यात मोठा अडथळा आणत असेल आणि ती १२ महिने टिकलेली किंवा टिकणारी असेल, तर विद्यापीठाने ‘रीझनेबल ॲडजस्टमेंट’, म्हणजे झेपेल तितका बदल, करायलाच हवा. त्यात मेख अशी की कोणी अर्ज घेऊन येईपर्यंत वाट बघत बसायची मुभा नाही. अशी मुलं येणारच हे धरून तयारी आधीच करायची. म्हणून जिन्याशेजारी रॅम्प असतो, आणि म्हणूनच सप्टेंबरात माझ्याकडे यादी येते.

पण कायदा आहे म्हणून मी गप्प बसले नसते. गप्प बसले ते ब्रिस्टल विद्यापीठाविरुद्धच्या खटल्याचं वाचल्यावर. २०१८ मध्ये तिथे भौतिकशास्त्र शिकणाऱ्या २० वर्षांच्या एका मुलीने आत्महत्या केली. त्याच दिवशी तिला मोठ्या व्याख्यानगृहात सगळ्यांसमोर सादरीकरण करायचं होतं. चारचौघांत बोलण्याची तिला टोकाची भीती होती. प्रयोगांनंतरच्या तोंडी मुलाखतींना गुण होते, त्यात ती अडखळत होती किंवा जातच नव्हती, आणि हे विभागातल्या लोकांना माहीत होतं. आईवडील कोर्टात गेले. २०२२ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये हायकोर्टाने विद्यापीठाचं अपील फेटाळलं. तोंडी परीक्षा हा या शिक्षणाचा गाभाच आहे, असं विद्यापीठाचं म्हणणं होतं. कोर्टाने ते मानलं नाही. प्रयोग कळला आहे का, हे तपासायला हवंच, पण ते तोंडीच तपासलं पाहिजे असं कुठे आहे? शिवाय प्रकरण गंभीर दिसत असताना डॉक्टरचा कागद आला नव्हता, एवढ्यावर हात झटकता येतीलच असं नाही, हेही या निकालातून निघालं.

आता माझ्या यादीतल्या त्या मुलाला मी प्रश्न आदल्या दिवशी मेलवर पाठवते. तो वर्गात बोलतो. नीट बोलतो. तरी माझं मत पूर्ण बदललंय असं समजू नका. यादीबाहेरच्या मुलांना मी अजूनही अचानक विचारते, आणि त्याचा त्यांना फायदाच होतो असं माझं म्हणणं आहे.

पण मला खरा धक्का दिला एक्स्टेन्शनच्या फॉर्मने. निबंध वेळेत होत नसेल तर मुलं ऑनलाइन फॉर्म भरतात, आणि थोड्या दिवसांची मुदतवाढ हवी असेल तर फॉर्मवर लिहिलेलं असतं: पुरावा जोडायची गरज नाही. ‘सेल्फ सर्टिफिकेशन’ म्हणतात याला. बऱ्याच विद्यापीठांत ही सोय आहे, अर्थात वर्षातून किती वेळा यावर मर्यादा असते. तुम्ही म्हणता बरं नाही, तर बरं नाही. गॅझेटेड ऑफिसरची सही नाही, शिक्का नाही, दोन प्रतींत अर्ज नाही. पहिल्यांदा ते वाक्य मी तीनदा वाचलं, खाली कुठे बारीक अक्षरात अट असेल म्हणून.

पदवीला असताना माझ्या वर्गात एक मैत्रीण होती, तिला फार कमी दिसायचं. लेखनिक मिळवण्यासाठी तिच्या बाबांनी सिव्हिल हॉस्पिटलच्या घातलेल्या खेपा मी पाहिल्या आहेत. डॉक्टर आज कॅम्पला गेलेत, उद्या या. टक्केवारी लिहिलेली नाही, परत या. मग लेखनिक शोधायचा, तोही एक यत्ता खालचा हवा, म्हणजे ज्याची स्वतःचीच परीक्षा चालू आहे असा कोणीतरी. मुलगी डोळ्यांसमोर चाचपडत चालते आहे आणि खिडकीतला माणूस म्हणतो, प्रमाणपत्र कुठंय?

इथवर लिहून झाल्यावर मला आपल्या बाजूचं लिहावंसं वाटतं, आणि त्यात नुसता अभिमान नाही, तथ्यही आहे. कागदावर आपण मागे नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागा आहेत. इथे परीक्षेत जादा वेळ सहसा २५ टक्के देतात, म्हणजे तासाला १५ मिनिटं. आपल्याकडे तासाला किमान २० मिनिटं आहेत! आणि ४० टक्के दिव्यांगत्वाची अट पूर्ण होत नाही म्हणून लेखनिक नाकारता येणार नाही, हे २०२१ मध्ये आपल्या सुप्रीम कोर्टानेच सांगितलं, हात आखडणाऱ्या एका यूपीएससी उमेदवाराच्या प्रकरणात. ही बातमी मी त्या स्कॉटिश मुलीला मुद्दाम वाचून दाखवली.

आणि दुसरं. त्या मैत्रिणीला आम्ही पुस्तकं वाचून दाखवायचो. आळीपाळीने, वेळापत्रक करून, मोबाईलवर रेकॉर्ड करून. हे काम कोणी आम्हाला सांगितलं नव्हतं आणि त्याचे तासाचे पैसे नव्हते. आमच्या मराठीच्या बाई तर हजेरी घेताना चेहरा वाचायच्या. ‘काय गं, घरी सगळं ठीक आहे ना?’ असं त्यांनी विचारलं की अर्धी पोरं रडायलाच लागायची. इथे असं कोणी विचारत नाही. फॉर्म भरला तर सगळी यंत्रणा तुमच्यासाठी हलते. नाही भरला तर तुम्ही नाहीच. माझ्या गटातला एक मुलगा सलग आला नाही तेव्हा मी सिस्टीममध्ये नोंद केली, सिस्टीमने त्याला आपोआप मेल पाठवली. त्याच्या खोलीचं दार वाजवावं असं मला फार वाटत होतं, पण ते माझं काम नाही असं मला सांगण्यात आलं.

आणि व्हिसावर आलेल्यांची हजेरी कोणत्या काळजीपोटी घेतली जाते, हे काही गुपित नाही. ती होम ऑफिसची, म्हणजे इथल्या गृहखात्याची, अट आहे. मदतीच्या बाबतीतही दोन रांगा आहेत. इथल्या दिव्यांग विद्यार्थ्यांना सरकारकडून ‘डिसेबल्ड स्टुडंट्स अलाउन्स’ मिळतो, आपल्यासारख्यांना सहसा नाही. मात्र कायद्याची जबाबदारी विद्यापीठावर असल्यामुळे आपल्यासाठीचे बदल त्यांना करावेच लागतात. का करू नयेत? इथल्या मुलांच्या फीवर सरकारी मर्यादा आहे, २०२५-२६ ला इंग्लंडात ९,५३५ पौंड. आपल्यावर मर्यादाच नाही, वाट्टेल ते आकारतात.

समावेशक कॅम्पस म्हणून जे काही मिरवतात त्यातलं बरंचसं मला पोस्टरबाजी वाटतं. फ्रेशर्स फेअरमध्ये, म्हणजे नव्या विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात, गोंगाट सहन न होणाऱ्यांसाठी एक शांत तास असतो, तो मात्र मला फार आवडला. (मला कसलाही त्रास नाही, तरी मी त्याच तासाला जाते.) पण ‘सगळ्यांचं स्वागत’ लिहिलेल्या कार्यक्रमाचा शेवट पबमध्ये होतो आणि न पिणारे हातात संत्र्याचा रस घेऊन भिंतीला टेकतात.

नाइटलाइनबद्दल मात्र मी वाकडं बोलणार नाही. विद्यार्थीच रात्रभर फोन घेतात, दुसऱ्या विद्यार्थ्यांचे. पहिली नाइटलाइन १९७० मध्ये एसेक्स विद्यापीठात सुरू झाली. नाव विचारत नाहीत, आणि सल्ला देत नाहीत. नुसतं ऐकतात. सल्ला न देता ऐकून घेणारा मराठी माणूस मी अजून पाहिलेला नाही, स्वतःला धरून.

सप्टेंबरात येणाऱ्यांनी मला नेहमी विचारलेली एक गोष्ट: घरी कळवतात का? नाही. अठरा पूर्ण म्हणजे तुम्ही सज्ञान. तुमचे मार्क, तुमची गैरहजेरी, तुमचं काउन्सेलिंग, यातलं काहीही तुमच्या परवानगीशिवाय आईवडिलांना सांगत नाहीत, त्यांनी कितीही फोन केले तरी. जिवावर बेतलं तर गोष्ट वेगळी. काही विद्यापीठं सुरुवातीलाच विचारून ठेवतात, तुमची फार काळजी वाटली तर कोणाला कळवू? ब्रिस्टलने हे २०१८ मध्ये सुरू केलं. तो रकाना रिकामा सोडू नका. आणि आधीपासून एखादं औषध किंवा उपचार चालू असतील तर डॉक्टरांचं इंग्रजी पत्र घेऊन या आणि सपोर्टचा फॉर्म विमानात बसायच्या आधी भरा. दीर्घ मुदतीच्या सवलतींना कागद लागतोच, तिथे सेल्फ सर्टिफिकेशन चालत नाही.

माझ्या रकान्यात मी आईचं नाव घातलेलं नाही. मध्यरात्री इंग्रजीतून फोन आला तर तिचं काय होईल याचा विचार करून मावसभावाचं घातलं, तो लेस्टरला असतो. हे आईला अजून सांगितलेलं नाही. ती हा ब्लॉग वाचत नाही. मावशी वाचते.