अनुदान मंजूर, पण खात्यात नाही: अडकतं कुठं?

सप्टेंबर २०२५ मध्ये सोलापूर जिल्ह्यात सीना नदीला पूर आला तेव्हापासून माढा, मोहोळ, करमाळ्याकडे एकच प्रश्न आहे: पीक नुकसानीचं सरकारी अनुदान शेजाऱ्याचं आलं, माझं का नाही? बहुतेक वेळा पैसे मंत्रालयात अडकलेले नसतात. सातबारा, आधार आणि बँक या तिघांचा मेळ बसलेला नसतो.

आधी हिशोब. नेहमीच्या निकषात ३३ टक्क्यांहून जास्त नुकसान असेल तर जिरायतीला हेक्टरी ८,५००, बागायतीला १७,००० आणि डाळिंबासारख्या बहुवार्षिक पिकाला २२,५०० रुपये मिळतात. मर्यादा दोन हेक्टरची, २०२५ च्या पुरासाठी ती तीन केली. म्हणजे ६० आर (हेक्टरचे शंभर आर) जिरायत तुरीचे ५,१०० होतात. सातबारा सामाईक असेल तर प्रत्येकाच्या हिश्श्याचंच क्षेत्र धरतात, आणि पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारं क्षेत्र, वजा होतो. 'एकरी एवढेच का?' असं विचारायच्या आधी आठ-अ, म्हणजे आपल्या नावावरच्या सगळ्या जमिनीचा उतारा, काढून आर मोजावेत.

पंचनाम्यानंतर तहसीलमधून यादी पोर्टलवर चढते आणि प्रत्येक नावापुढे विशिष्ट क्रमांक पडतो. त्यालाच गावात व्हीके नंबर म्हणतात. तो घेऊन सेवा केंद्रात आधारवर अंगठा द्यायचा, म्हणजे केवायसी (ओळख पडताळणी) होते. अंगठ्याआधी स्क्रीनवरचा गट नंबर, क्षेत्र आणि रक्कम नीट वाचा. चूक दिसली तर तिथंच असहमती नोंदवा. होकार दिल्यावर दुरुस्ती जड जाते. पावती मात्र हमखास घ्या. शेतकरी ओळख क्रमांक असलेल्यांना २०२५ मध्ये ही केवायसी लागली नाही, पण तिथंही सगळे गट जोडलेले आहेत का ते बघावं. एखादा गट सुटलेला असतो आणि नेमकं नुकसान त्याच गटातलं निघतं.

आता खरी गोम. 'आधार लिंक आहे' असं बँकेतला माणूस सांगतो, तेव्हा तो बहुधा केवायसीबद्दल बोलत असतो. अनुदानाला लागतं ते सीडिंग, म्हणजे एनपीसीआय या बँकांमधले व्यवहार जोडणाऱ्या संस्थेच्या नोंदीत तुमच्या आधारापुढे कोणती बँक आहे ते. तिथं एका वेळी एकच बँक राहते, आणि शेवटी जिथं संमती दिली ती. कधीकाळी मोबाईलच्या दुकानात अंगठा लावून उघडलेलं पेमेंट बँकेचं खातं असेल तर पैसे तिकडे जातात, आणि शेतकरी सोसायटीच्या बँकेत चकरा मारत बसतो. यादीतला खाते क्रमांक बरोबर असूनही हे होतं. आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' पाहिलं की बँकेचं नाव कळतं. बदलायचं असेल तर हव्या त्या शाखेत सीडिंगचा संमती अर्ज द्या. फक्त आधारची झेरॉक्स देऊन उपयोग नाही. खातं बरेच दिवस वापरात नसेल तर तेही आधी चालू करून घ्या, नाहीतर रक्कम अडकू शकते.

मयत खातेदाराच्या नावावर यादी आली असेल तर वारस नोंद झाल्याशिवाय पुढं सरकत नाही. सामाईक सातबाऱ्याची रक्कम एकाच्याच नावावर घ्यायची तर बाकीच्यांचं संमतिपत्र लागतं. इथं भावकीच आडवी येते, पोर्टल बिचारं निमित्त.

मंगळवेढ्याकडची गोष्ट वेगळी. रब्बी ज्वारीसाठी रान खरिपात मोकळं ठेवतात. सप्टेंबरच्या पावसात त्यात पीकच नसतं, ई-पीक पाहणीतही, म्हणजे मोबाईलवरच्या पीक नोंदीत, जमीन पडीक लागलेली असते, मग पीक नुकसानीचं अनुदान कशावर देणार? पण रानात तीन इंचांहून जास्त गाळ बसला असेल तर तो काढायला हेक्टरी १८,००० आणि जमीनच खरडून वाहून गेली असेल तर अल्प व अत्यल्प भूधारकांना ४७,००० अशी वेगळी तरतूद आहे. तिचा पंचनामा वेगळा होतो. तलाठी बांधावर असतानाच तो मागून घ्या, गाळ उपसायच्या आधी फोटो काढा.