आमची वाटचाल : दापोडे रोडचा गाळा

२०१२ साली भिवंडीत दापोडे रोडला पत्र्याचा एक गाळा भाड्याने घेतला. काम साधं: दुचाकीच्या स्पेअर पार्टचे खोके उतरवून घ्यायचे आणि मुंबईतले दुकानदार मागतील तसे पाठवायचे. भिवंडी एवढ्यासाठी की जागा स्वस्त, आणि मुंबईची जकात माल मुलुंडचा नाका ओलांडेल तेव्हाच भरायची. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, नाके उठले. आता भिवंडीला कोण विचारतंय, असं सगळेच म्हणत होते. झालं उलटंच. दर राज्यात वेगळं गोदाम ठेवायची गरज कमी झाल्यावर मोठ्या पार्ट्यांनी माल एका जागी आणला, आणि वर्षभरात आमच्या ऑर्डरी दुप्पट झाल्या. माणसं तेवढीच, चौदा.

पोरं ढिली पडलीत, असं मी ठरवून टाकलं आणि ओळीमागे (ऑर्डरमधला एक आयटम म्हणजे एक ओळ) इन्सेंटिव्ह लावला. पहिला महिना झकास गेला. दुसऱ्यापासून परतीचा माल सुरू. पुढच्या चाकाचे ब्रेक शू मागवले तर मागच्या चाकाचे गेलेले. जाण्यायेण्याचं भाडं आमच्याच बोकांडी. तिसऱ्या महिन्यात ते प्रकरण गुंडाळलं.

आमच्या मुकादमांना सगळे मामा म्हणतात. ते वैतागून म्हणाले, "शेठ, एक दिवस माल काढणाऱ्या एखाद्या पोराच्या मागं फिरा, मग बोला."

फिरलो. मे महिना, वर तापलेला पत्रा. सात ओळींची एक ऑर्डर. क्लच केबल डाव्या कोपऱ्यात, चेन सेट उजवीकडे शटरजवळ, बल्ब पुन्हा डावीकडे. कारण माल काढायची चिठ्ठी बिलाच्या क्रमाने छापली जायची, रॅकच्या नाही. रोज जाणारा एअर फिल्टर सगळ्यात वरच्या फळीवर, आणि शिडी अख्ख्या गाळ्यात एक. ती दुसऱ्याकडे असली की हा उभा. पाण्याचा माठ पार दुसऱ्या टोकाला. माल हातात घ्यायला त्याला क्षणच लागत होता. दिवस जात होता चालण्यात. संध्याकाळी माझे पाय बोलायला लागले.

पुढचे तीन रविवार वर्षभराची बिलं काढून बसलो. अठराशेच्या आसपास आयटम, पण रोजची उचल दोनेकशेंचीच. ते पॅकिंगच्या टेबलाशेजारी आणले, गुडघा ते खांदा एवढ्याच उंचीत. कधीमधी जाणारे सायलेन्सर मागे ढकलले. रॅकना नंबर दिले, चिठ्ठी त्याच क्रमाने काढली, म्हणजे एका फेरीत ऑर्डर पूर्ण. एक शिडी वाढवली, माठ मध्ये आणला. मामांनी एक अट घातली: सारख्या रंगाचे खोके शेजारी ठेवायचे नाहीत. निम्म्या चुका तिथेच थांबल्या. स्कॅनर २०१९ मध्ये घेतला. खरं सांगायचं तर त्याने वेग फारसा वाढला नाही, उरलेल्या चुका तेवढ्या पकडल्या.

गाडीतून माल उतरवायचं काम माथाडी टोळीचं. टोळीच्या नावाने खडे फोडायची आमच्याकडे मालकांची जुनी सवय आहे, मीही फोडलेत. पण घड्याळ लावून पाहिलं तर टोळी तासाभरात गाडी रिकामी करायची, आणि तो माल मोजून रॅकवर चढवायला आम्हाला संध्याकाळ व्हायची.

आता तेच चौदा जण दुप्पट ओळी बांधून पाचला मोकळे होतात. मग मानकोली नाक्याच्या ट्रॅफिकमधून टेम्पो सुटेपर्यंत शटरपाशी चहा पीत बसतात.