रेल्वे पुलाखालून ओढ्याकाठचा मार्ग : माझा अनुभव

ओढ्याच्या काठाने पायी चालणाऱ्यांसाठी आणि सायकलस्वारांसाठी एक सलग मार्ग बांधण्याचे स्थानिक प्रशासनाने ठरवले, तेव्हा त्या प्रकल्पाच्या समन्वयाची जबाबदारी माझ्याकडे आली. मार्गाच्या बहुतेक लांबीत जागा सार्वजनिक मालकीची होती, काठ रुंद होता आणि झाडे न तोडता वळण घेता येत होते. खरा प्रश्न एकाच ठिकाणी होता. रेल्वेचा उंच भराव ज्या जागी ओढा ओलांडत होता, तिथे जुन्या पुलाखाली पाण्याखेरीज कशालाच वाट नव्हती. मार्ग भरावाच्या अलीकडे संपवून पलीकडे पुन्हा सुरू केला असता, तर लोकांनी मधले अंतर रुळांवरूनच पार केले असते. म्हणून मार्ग पुलाखालूनच न्यायचा, याबाबत तडजोड करायला मी तयार नव्हते.

त्याच सुमारास रेल्वेने हा पूल बदलण्याचे काम हाती घेतल्याचे कळले. जुना पूल पोलादी प्लेट गर्डरचा (पोलादी पत्रे जोडून केलेल्या तुळयांचा), आखूड गाळ्यांचा (गाळा म्हणजे दोन आधारांमधला भाग) आणि दगडी खांबांचा होता. खांब थेट प्रवाहात असल्यामुळे पुराबरोबर वाहत येणारी झाडे त्यांना अडकत, पाण्याची वाट अरुंद होई आणि उरलेल्या जागेतून वेगाने निघालेले पाणी खांबांच्या पायाखालची माती उकरून नेई. हा धोका वरून दिसत नाही, म्हणूनच तो घातक असतो. वेल्समधील ग्लानरिड येथे टोवी नदीवरचा रेल्वे पूल १९ ऑक्टोबर १९८७ रोजी पुराने पाया खरवडला गेल्यामुळे कोसळला आणि पहाटेची प्रवासी गाडी नदीत जाऊन चार जणांचा मृत्यू झाला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये न्यूयॉर्क राज्यातील स्कोहॅरी क्रीकवरचा महामार्गाचा पूल याच कारणाने पडला आणि दहा जणांनी प्राण गमावले. रेल्वेच्या अभियंत्यांशी बोलताना या घटनांचा उल्लेख निघाला आणि त्यांच्या दृष्टीने हे काम म्हणजे प्रथम पायाचे आणि पुराचे काम आहे, हे माझ्या लक्षात आले. आमच्या मार्गाची मागणी त्याच भाषेत मांडली, तरच ती ऐकली जाणार होती.

अशा कामात सर्वांत महत्त्वाची वेळ कोणती, असे मला कोणी विचारले, तर पुलाच्या सर्वसाधारण रचनेच्या आराखड्याला मान्यता मिळण्यापूर्वीची, असे मी सांगेन. गाळे किती, त्यांची लांबी किती, खांब कुठे आणि गर्डरचा तळ कोणत्या पातळीवर, हे सगळे त्या एका आराखड्यात ठरते. तो मंजूर झाला की पायाचे संकल्पचित्र, पोलादाची मागणी आणि निविदा या गोष्टी त्यावर उभ्या राहतात आणि नंतर अर्धा मीटर जागा मागणे म्हणजे सगळे काम मागे नेणे ठरते. त्यामुळे आमच्या मार्गाचा अंतिम आराखडा तयार नसतानाही मी पुलाखाली लागणाऱ्या जागेचा छेद आधी तयार करून घेतला. त्यात ३ मीटर रुंदीचा मार्ग, दोन्ही बाजूंना प्रत्येकी ०.६ मीटर मोकळी पट्टी आणि डोक्यावर ३ मीटर उंची दाखवली होती. अगदीच नाइलाज झाला तर उंची २.४ मीटरपर्यंत खाली आणता येईल, हेही आम्ही प्रांजळपणे लिहिले, कारण हट्टाची आणि गरजेची मर्यादा समोरच्याला वेगवेगळी कळली, तर त्याला पर्याय शोधता येतात.

रेल्वेचा पहिला विचार असा होता की प्रवाहातील सगळे खांब काढून एकाच लांब गाळ्याने ओढा पार करायचा. पाण्याच्या दृष्टीने तो उत्तम होता आणि ऐकताना आम्हालाही सोयीचा वाटला. परंतु लांब गाळ्याला उंच गर्डर लागतो. प्लेट गर्डरची उंची साधारणपणे गाळ्याच्या लांबीच्या दहाव्या ते बाराव्या हिश्श्याइतकी असते. म्हणजे २० मीटरच्या गाळ्याला पावणेदोन ते दोन मीटर उंचीचा गर्डर आला. नव्या पुलावर खडीचा थर असणार होता. जुन्या पुलावर स्लीपर थेट गर्डरवर टेकलेले होते आणि त्यांच्या फटींतून वरचे सगळे खाली पडत असे. माणसे खालून जाणार असतील, तर बंद तळाची, खडीची रचना आम्हालाही हवीच होती. पण खडीची जाडीही त्या उंचीत मिळवावी लागते, आणि तेवढा गर्डर रुळांखाली बसवला की मार्गासाठी माणूस वाकून जाईल इतकीच जागा उरत होती.

रूळच वर उचलावेत, ही सूचना बाहेरच्या माणसाला सहज सुचते. ती व्यवहार्य का नाही, हे मला तेव्हा समजले. रुळांचा चढ अगदी हळूहळू बदलावा लागतो. मूळ चढापेक्षा हजारात एक इतकाच फरक ठेवायचा असेल, तर ३०० मिलिमीटर उचलण्यासाठी पुलाच्या प्रत्येक बाजूला ३०० मीटर भराव उंच करावा लागतो, आणि भराव उंच झाला की त्याचा पायाही रुंद होतो. मार्ग खाली घ्यावा, तर तो जवळजवळ प्रत्येक पावसात पाण्याखाली जाणार. मधला एक पर्याय रूळ दोन गर्डरांच्या मधून नेण्याचा होता. त्या रचनेत रुळांखालची जाडी गाळ्याच्या लांबीवर ठरत नाही, ती आडव्या तुळयांवर ठरते, त्यामुळे खाली पुष्कळ उंची मिळते. मात्र गर्डर रुळांच्या वर येत असल्याने गाड्यांसाठी दोन्ही बाजूंना ठरलेले अंतर राखावे लागते, मधली तुळयांची चौकट वाढते, आणि एखादा गर्डर निकामी झाला तर भार घ्यायला दुसरा नसतो. देखभाल करणाऱ्यांचा त्याला असलेला विरोध मला योग्य वाटला.

तोडगा निघाला तो गाळ्यांच्या लांबीतूनच. प्रवाहावर एक मुख्य गाळा ठेवायचा, आणि एका काठावर, भराव मागे सारून, एक आखूड गाळा वाढवायचा. आखूड गाळ्याला उंच गर्डर लागत नाही, काँक्रीटची पातळ स्लॅब पुरते, त्यामुळे त्याच्याखाली रूळ न उचलताही मार्गाला हवी ती उंची मिळत होती. रेल्वेला हे पटले ते मार्गासाठी नव्हे, याचा मला आजही आनंद वाटतो, कारण दुसऱ्याच्या गरजेतून मिळालेली जागा कोणी मागे घेत नाही. भराव मागे गेल्याने पुराच्या पाण्याला अधिक रुंद वाट मिळत होती, पुलाच्या वरच्या बाजूची फुग, म्हणजे अडलेल्या पाण्याची वाढलेली पातळी, कमी होत होती आणि भरावाच्या टोकाशी पाण्याचा वेगही घटत होता.

अर्थात हे सिद्ध करावे लागले. आमचा मार्ग म्हणजे काठावर बांधलेला एक कट्टा असतो, तो पाण्याची थोडी जागा खातोच. पूल आणि मार्ग यांची गणिते वेगवेगळ्या सल्लागारांनी वेगवेगळी केली, तर दोघांचेही उत्तर सुरक्षित येऊ शकते आणि दोन्ही बांधल्यावर पाण्याची पातळी मात्र वाढलेली असते. म्हणून मी पुराची एकच संगणकीय प्रतिकृती दोघांनी वापरावी असा आग्रह धरला. अमेरिकी लष्कराच्या अभियंता विभागाच्या जलवैज्ञानिक केंद्राने विकसित केलेली हेक-रास ही प्रणाली विनामूल्य आहे आणि अशा कामासाठी सर्वत्र वापरली जाते, त्यामुळे तीवर एकमत व्हायला वेळ लागला नाही. शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर आधारभूत धरला होता. या शब्दांमुळे पुष्कळांचा असा समज होतो की तो आपल्या हयातीत येणार नाही. प्रत्यक्षात दरवर्षी त्याची शक्यता १ टक्का असते, आणि ३० वर्षांच्या काळात तो निदान एकदा येण्याची शक्यता २६ टक्के असते.

याच टप्प्यावर दोन नकाशांतील पातळ्या एकमेकींशी जुळत नाहीत, असे दिसून आले. रेल्वेचे तलांक, म्हणजे उंचीचे आकडे, तिच्या स्वतःच्या जुन्या बेंचमार्कवरून (उंची मोजण्याच्या पक्क्या खुणेवरून) काढलेले होते, आमचे सार्वजनिक सर्वेक्षणाच्या बेंचमार्कवरून. दोन्ही आपापल्या जागी बरोबर होते. पण २.४ आणि ३ मीटर यांच्यात जिथे सगळा वाद आहे, तिथे आधारपातळीतला थोडासाही फरक निर्णय उलटवू शकतो. दोन्ही पक्षांच्या मोजणीदारांनी एकत्र जाऊन भरावाजवळ एक सामाईक चिन्ह पक्के केले आणि त्यानंतरचा प्रत्येक नकाशा त्याच चिन्हावरून काढण्यात आला. या कामाला खर्च जवळजवळ काहीच आला नाही, आणि पुढच्या सर्व बैठकांत पातळीविषयी पुन्हा शंका निघाली नाही.

नंतरचा भाग वेळापत्रकाचा होता. रेल्वेचे काम ब्लॉकवर चालते. नव्या पुलाचा पाया गाड्या चालू असतानाच, जुन्या पुलाच्या आजूबाजूला आणि खाली उभा करतात. जुने गर्डर उतरवून नवे चढवण्यासाठी मात्र वाहतूक काही तास पूर्ण बंद ठेवावी लागते आणि तो ब्लॉक कित्येक महिने आधी ठरतो. तो चुकला तर पुढचा कधी मिळेल ते कोणी सांगू शकत नाही. ओढ्याच्या पात्रात काम करण्याची मुभाही पूरकाळ आणि माशांचा प्रजननकाळ सोडूनच मिळते. आमच्या निधीची मुदत या दोन्हींची वाट पाहणार नव्हती. मी आमच्या कामाचे भाग पाडले : पुलाच्या वरच्या आणि खालच्या अंगाचा मार्ग आमच्या कंत्राटदाराने लगेच सुरू करायचा, आणि रेल्वेच्या हद्दीतला तुकडा रेल्वेच्या कंत्राटदारानेच पुलाबरोबर बांधायचा, त्याचे पैसे आम्ही द्यायचे. रुळांलगत दुसरा कंत्राटदार आला असता, तर त्याच्यासाठी वेगळी परवानगी, वेगळा विमा आणि गाड्यांवर लक्ष ठेवणारा वेगळा माणूस लागला असता, आणि अपघाताची जबाबदारी कोणाची हा प्रश्न कायम राहिला असता.

या निर्णयाचा एक फायदा जागेवर गेल्यावर दिसला. क्रेन आणि पायाची यंत्रे पुलाशी नेण्यासाठी रेल्वेच्या कंत्राटदाराला काठाने तात्पुरता रस्ता करावाच लागणार होता, आणि तो नेमका आमच्या मार्गाच्या रेषेत येत होता. काम संपल्यावर तो उखडून टाकण्याऐवजी त्याची पातळी आधीच आमच्या मार्गाच्या भरणीइतकी ठरवून दिली. जड यंत्रांनी दाबून घट्ट झालेली ती खडी आमच्या मार्गाचा पाया म्हणून राहिली. पुराच्या वाटेत येणारी जादा भरणी तेवढी पावसाआधी काढण्यात आली.

भरावाच्या उतारावर घालायच्या दगडी पिचिंगबाबत, म्हणजे माती धुपू नये म्हणून घालायच्या दगडांच्या थराबाबत, मात्र बरीच चर्चा झाली. मोठ्या, सुट्या दगडांचा थर पाण्याच्या माऱ्यात थोडा हलून पुन्हा बसतो, यातच त्याची ताकद असते. त्यावर ताठ काँक्रीट टाकले, तर दगड खालून सरकतात आणि काँक्रीट पोकळीवर तरंगत राहते. शेवटी पिचिंग मार्गाच्या खालून सलग नेले, त्याच्या पोकळ्या बारीक दगडांनी भरून वर मार्गाचा कट्टा बसवला, आणि पाण्याकडच्या कडेला तळापर्यंत जाणारी एक भिंत दिली. मार्गाचा पृष्ठभाग डांबराचा न करता काँक्रीटचा केला, कारण दोन ते पाच वर्षांतून एकदा येणाऱ्या पुरात तो पाण्याखाली जाणार हे आम्ही मान्य केलेले होते. त्याला पाण्याच्या दिशेने हलका ढाळ दिला, म्हणजे गाळ धुऊन काढता येतो. दोन्ही बाजूंच्या उतरणी वीसात एकपेक्षा तीव्र ठेवल्या नाहीत, म्हणून चाकाच्या खुर्चीवरील व्यक्तीलाही पुलाखालून जाता येते. वरून खडी पडू नये म्हणून स्लॅबच्या दोन्ही कडांना उंच कठडे आणि जाळी बसवली, आणि पुलावरच्या पाण्याचे नळ मार्गापासून दूर, मुख्य गाळ्याकडे वळवले.

पैशाचा करार तुलनेने लवकर झाला, कारण आखूड गाळ्यामुळे वाढलेला खर्च आणि भरावाची भिंत लहान झाल्याने वाचलेला खर्च हे दोन्ही आकडे शेजारी मांडून फरकाची रक्कम तेवढी आम्ही उचलली. देखभालीचा करार अधिक काळ चालला. मार्गाखालची जमीन रेल्वेचीच राहिली, वापराचा हक्क आमचा झाला. पुलाच्या तपासणीसाठी वाहन मार्गावर उभे करता यावे, अशी रेल्वेने मागणी केली, आणि मला ती रास्त वाटली, म्हणून काँक्रीटची जाडी त्या वाहनाच्या भारानुसार वाढवण्यात आली. तपासणीचे दिवस आधी कळवायचे आणि तेवढ्या वेळापुरता मार्ग बंद ठेवायचा, असे ठरले. पुराचा इशारा मिळताच दोन्ही टोकांची फाटके लावण्याचे आणि पाणी ओसरल्यावर गाळ काढण्याचे काम आमच्याकडे आहे. फाटके पुन्हा उघडण्यापूर्वी रेल्वेचा अभियंता खांबाचा पाया आणि पिचिंग पाहतो, आणि त्याची लेखी संमती आल्याशिवाय मार्ग खुला होत नाही. ही अट करारात आम्हीच घातली, आणि तिच्यावर रेल्वेने एकही दुरुस्ती सुचवली नाही.