इद्रियातील सोनेरी ठिपक्याचा पतंग

स्लोव्हेनियातील इद्रिया हे डोंगरांच्या कुशीतले छोटे गाव बहुतेक प्रवाशांना पाऱ्याच्या खाणीमुळे ठाऊक असते. १४९० च्या सुमारास येथे पारा सापडला आणि पुढे सुमारे पाच शतके तो उपसला गेला. मी मात्र ल्युब्लियानाहून बसने तेथे गेले ती एका पतंगासाठी. जोव्हानी अंतोनियो स्कोपोली हे १७५४ ते १७६९ या काळात खाणीचे वैद्य होते. पाऱ्याच्या वाफेने आजारी पडणाऱ्या कामगारांवर उपचार करतानाच ते भोवतालच्या डोंगरांतील वनस्पती आणि कीटक टिपून ठेवत. १७६३ मध्ये त्यांनी कार्निओला (आजच्या स्लोव्हेनियातील) प्रांतातील कीटकांवर लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात ज्या इवल्याशा पतंगाला त्यांनी ‘ऑराटा’, म्हणजे सोन्याने मढवलेला, असे नाव दिले, तो त्यांच्याच मुलखात पाहावा अशी माझी फार दिवसांची इच्छा होती.

खाणीतले पाणी उपसणारे कामश्त नावाचे प्रचंड लाकडी चाक आजही गावात उभे आहे. त्याला पाणी पुरवणारा जुना पाट म्हणजे राके, आणि त्याच्या कडेची सावलीची पायवाट दिव्ये येझेरो या गर्द हिरव्या तळ्यापर्यंत जाते. जुलैचा शेवटचा आठवडा होता. वाटेत उन्हाचा एक तुकडा पडलेल्या उतारावर ओरेगानो आणि रानपुदिना फुलला होता. त्या फुलांवरून काहीतरी उडाले आणि दोन हातांवर पुन्हा बसले. आकाराने ते माझ्या करंगळीच्या नखाहून थोडे मोठे, रंगाने जांभळट.

दिवसा उडते आणि रंगीत आहे म्हणून ते फुलपाखरू ठरत नाही. मिशा सुतासारख्या सरळ होत्या, फुलपाखरांना असते तशी टोकाला गाठ नव्हती, म्हणजे पतंगच. पंख मिटून तो त्रिकोणी बसला होता आणि डोक्यापुढे तोंडाजवळची, मिशांहून वेगळी, चोचीसारखी टोकदार स्पर्शके आली होती. ही ठेवण क्रॅम्बिडी कुळातील अनेक पतंगांत दिसते. आपल्याकडे भातावरच्या पिवळ्या खोडकिड्याचा पतंगही याच कुळातला, त्यामुळे कोकणात वाढलेल्या माझ्यासारखीला ती चोच परकी वाटली नाही.

खरी अडचण पुढे होती. ऑराटा ज्या पायरॉस्टा प्रजातीगटात मोडतो, त्याच गटातील युरोपातला पर्प्युरॅलिस हा पतंगही तितकाच लहान आणि तसाच जांभळा-सोनेरी असतो, आणि तोही पुदिन्यावर वाढतो. तेव्हा झाडावरून निर्णय करता येत नाही. रंगावर तर मुळीच विसंबू नये, कारण पंखांवरचे खवले झिजले की जांभळा रंग तपकिरी होत जातो आणि जुना पतंग भलत्याच जातीचा भासू लागतो. पाहायचे ते ठिपक्यांकडे. ऑराटाच्या पुढच्या पंखावर मध्याच्या पलीकडे एकच ठसठशीत, गोलसर सोनेरी ठिपका असतो. आजूबाजूला असल्या तर पुसट खुणा. पर्प्युरॅलिसच्या पंखावर त्या जागी तीन पिवळे डाग एका ओळीत येतात आणि त्यांचा आडवा पट्टा तयार होतो.

माझ्यासमोरच्या पतंगावर ठिपका एकच होता, परंतु त्याच्याखाली एक फिकट डाग दिसत होता आणि तेवढ्यानेच मन साशंक झाले. मागचा पंख पाहिल्याशिवाय नाव लिहायचे नाही, असे ठरवून मी गुडघ्यांवर बसून राहिले. ढग सरला, ऊन आले, आणि ऊब घेण्यासाठी त्याने पंख थोडे पसरले. मागचा पंख काळपट होता, त्यावर एकच पिवळा पट्टा होता आणि पंखाच्या मुळाशी पर्प्युरॅलिसला असतो तसा दुसरा फिकट डाग नव्हता. त्या क्षणी मला जो आनंद झाला तो शब्दांत सांगणे अवघड आहे. छायाचित्रे चार मिळाली. त्यांतील एकातच मागचा पंख दिसतो, आणि माझ्या दृष्टीने तेच मोलाचे आहे.

परतताना त्याच उतारावर आणखी दोन दिसले. एकाचे पंख इतके झिजले होते की जांभळा रंग जवळपास उरलाच नव्हता, पण सोनेरी ठिपका मात्र त्याच जागी, तसाच गोल होता. वहीत मी तिन्ही नोंदी ऑराटाच्या नावाने केल्या आणि दुसऱ्या नोंदीपुढे ‘मागचा पंख पाहिला नाही’ असे लिहून ठेवले.