हाडांचे दोन डबे

आमच्या लायब्ररीच्या काउंटरमागे दोन काळे डबे असतात. सेमिस्टरच्या मध्यावर त्यांच्यासाठी जेवढी रांग लागते तेवढी कुठल्या पुस्तकासाठी लागलेली मी पाहिलेली नाही. प्रत्येक डब्यात प्लॅस्टिकचा अर्धा सांगाडा, सुटा केलेला. कवटी, दोरीत ओवलेले मणके, बारा बरगड्या, एक हात, एक पाय. एका डब्यात शरीराची डावी बाजू, दुसऱ्यात उजवी. नर्सिंगला जायचं तर आधी ॲनाटॉमी, म्हणजे शरीररचनेचा विषय, पास व्हावं लागतं, आणि असला सांगाडा विकत आणणं आमच्याकडच्या बहुतेक मुलांना झेपत नाही. म्हणून तो लायब्ररी देते. दोन तास, आतच बसून वापरायचा, कॉलेजचं ओळखपत्र काउंटरवर ठेवायचं.

अमेरिकेतल्या एका कम्युनिटी कॉलेजात मी काम करते. ही दोन वर्षांची सरकारी कॉलेजं. 1901 मध्ये इलिनॉयमधल्या जोलिएटला पहिलं निघालं, आणि आता देशभर पसरली आहेत. प्रवेशाला गुणांची अट नाही, येईल त्याला दार उघडं. त्यामुळे एकाच टेबलावर अठरा वर्षांचा पोरगा, रात्रपाळी करून आलेला ट्रकड्रायव्हर आणि नातवाला शाळेत सोडून आलेली आजी अशी मंडळी दिसतात. या सगळ्यांना आम्ही जे देतो त्यात पुस्तकं येतातच, पण लॅपटॉप, ग्राफिंग कॅल्क्युलेटर, घरी इंटरनेट नसेल तर हॉटस्पॉट, असं बरंच काही येतं. नवं ॲनाटॉमीचं पाठ्यपुस्तक 200 डॉलरच्या वर जाऊ शकतं, म्हणून त्याच्या प्रतीही काउंटरमागे राखून ठेवलेल्या असतात. ओपनस्टॅक्स या फुकट पाठ्यपुस्तकं काढणाऱ्या संस्थेने 2013 मध्ये याच विषयाचं पुस्तक नेटवर फुकट उपलब्ध केलं तेव्हा आमच्यातल्या काहींना वाटलं, चला, आता रांग संपली. पुस्तकाची रांग कमी झालीही. हाडांची कशी होणार? हाड हातात घेऊन फिरवून बघावं लागतं, ते पडद्यावर जमत नाही.

गोष्ट आहे एका बुधवारची. दुसऱ्या दिवशी सकाळी ॲनाटॉमीची प्रॅक्टिकल परीक्षा होती. ही परीक्षा निर्दयी असते. प्रयोगशाळेत टेबलांवर हाडं मांडलेली, प्रत्येकावर चिठ्ठी, मिनिटभर वेळ. हाडाचं नाव, चिठ्ठी चिकटवलेल्या भागाचं नाव, आणि डावं की उजवं. बाजू चुकली की गुण गेले.

दुपारी एक मुलगा डबा उचलून पुन्हा काउंटरवर आला. म्हणाला, "मॅडम, हा डबा बिघडलाय." मी यादी काढून मोजलं. सगळी हाडं होती, एकही कमी नाही. तो म्हणाला, संख्या बरोबर आहे हो, पण हे बघा. त्याने मांडीचं हाड कंबरेच्या हाडाच्या खोबणीत बसवलं. गोळा छान बसला, आणि गुडघा झाला पाठीमागे.

आमची यादी फक्त मोजते. मांडीचं एक फीमर, गुडघ्याखालची एक टिबिया, एक फिब्युला. आधीच्या कुठल्या तरी दोन गटांनी शेजारशेजारी बसून अभ्यास केला असणार आणि आवरताना हाती येईल ते हाताजवळच्या डब्यात टाकलं असणार. परत घेताना दोन्ही डब्यांत बेरीज जमली. दुसरा डबा ज्या गटाकडे होता त्यांना विचारलं, तर त्यांनीही तासभर डावं म्हणून उजवंच पाठ केलेलं. त्यातल्या एकीचा चेहरा बघवत नव्हता. काउंटरपाशी गर्दी वाढत होती, आणि हाडांना डावं-उजवं ठरवणं आमच्यापैकी कुणालाही येत नव्हतं. कॅटलॉगमध्ये मानवी शरीररचना क्यूएम वर्गात असते एवढं आम्हाला माहीत. तिथली दोन पुस्तकं काढून आणली. चित्रं होती, पण त्यातलं हाड एकाच बाजूचं, एकाच कोनातून.

मी त्या विषयाच्या प्राध्यापिकेला फोन केला. बाई ॲडजंक्ट, म्हणजे तासांवर शिकवणाऱ्या. एकाच दिवसात दोन-तीन कॉलेजं करतात, त्या वेळी गाडीत होत्या. पोहोचायला दीड तास लागेल म्हणाल्या. मग आवाज चढवून विचारलं, "याआधी डबे कुणी घेतले होते? नावं सांगा, उद्या वर्गात बघते त्यांच्याकडे."

नावं मी देणार नव्हते. कोणी काय वाचलं, काय नेलं, हे लायब्ररीने बाहेर सांगायचं नाही, असे कायदे इथे जवळपास सगळ्या राज्यांत आहेत. त्यात 2001 च्या पेट्रियट या दहशतवादविरोधी कायद्यानंतर सरकार वाचकांच्या नोंदी मागू शकतं म्हटल्यावर अनेक लायब्रऱ्यांनी जुन्या नोंदी ठेवणंच कमी केलं. आमच्या सॉफ्टवेअरमध्येही वस्तू परत आली, दंड वगैरे नसला, की नेणाऱ्याचं नाव तिच्यापासून सुटतं. हे सगळं मी त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "अहो, हाडं आहेत ती, बंडखोरांची पत्रकं नाहीत." मला हसू आलं, पण उत्तर तेच. हाडांना एक नियम आणि पुस्तकांना दुसरा असं सुरू झालं की मग गर्भपातावरचं पुस्तक, घटस्फोटाचं पुस्तक, कर्जमाफीचं पुस्तक यांचं काय करायचं हे रोज कुणीतरी काउंटरवर उभं राहून ठरवणार. त्या चिडून फोन ठेवून मोकळ्या झाल्या. त्यांचंही चुकत नव्हतं. दिवसभर गाडी हाकून वर हे.

बुधवारी दुपारी आमचा वाचनगट असतो, काचेच्या खोलीत. इंग्रजी शिकणाऱ्या मोठ्या माणसांसाठी. सोपी केलेली छोटी पुस्तकं, कण्यावर पातळी सांगणारा रंगीत ठिपका. गटाचा नियम एकच. पानावर चार-पाच शब्द अडले तर पुस्तक ठेवायचं आणि खालच्या रंगाचं घ्यायचं. अवघड थोडं वाचण्यापेक्षा सोपं भरपूर वाचलेलं भाषेला लागतं, असा या पद्धतीचा हिशेब. मोठ्या माणसांना हे पटवणं कठीण जातं, त्यांना खालचा रंग म्हणजे नापास वाटतो.

त्या गटात हैतीच्या एक बाई येतात. सगळे त्यांना मादाम म्हणतात, मीही. बोलायच्या फारशा नाहीत. ओळीखाली बोट ठेवून वाचायच्या आणि पान संपलं की बोट क्षणभर तिथेच ठेवायच्या. त्या दिवशी गट सुटल्यावर बाहेर आल्या, काउंटरवरची गर्दी पाहिली, डब्यात डोकावल्या आणि मला म्हणाल्या, "मी बघू का?"

मोठं टेबल रिकामं केलं. दोन्ही डबे त्यावर उपडे केले. मादामनी आधी मोठी हाडं उचलली. मांडीच्या हाडाचा गोळा आतल्या बाजूला, उभी खरबरीत कड मागे, झालं, हे डावं. कॉलरबोनचं जाड गोल टोक गळ्याकडे, चपटं टोक खांद्याकडे, खडबडीत अंग खाली. फिब्युलाला थोडा वेळ लागला. खालच्या टोकाशी एक खळगा असतो, त्यावर अंगठा दाबून त्यांनी तो मागच्या बाजूला घेतला, मगच हाड ठेवलं. चोवीस बरगड्या म्हणजे मला वाटलं आता संध्याकाळ होणार. त्या प्रत्येक बरगडीच्या आतल्या अंगावरून बोट फिरवायच्या. बहुतेक बरगड्यांच्या खालच्या कडेला एक पन्हळ असते, ती बोटाला लागली की बरगडी आपोआप एका ढिगात जायची. ओळीखाली फिरणारं तेच बोट.

गुडघ्याच्या वाट्या शेवटी. वाटीचं टोक आपल्यापासून लांब करायचं, गुळगुळीत बाजू टेबलाला लावायची आणि हात सोडायचा. वाटी ज्या बाजूची त्या बाजूला कलते. मागच्या दोन गुळगुळीत भागांपैकी बाहेरचा मोठा असतो, म्हणून. एक डावीकडे कलली, दुसरी उजवीकडे. रांगेतली पोरं अक्षरशः ओरडली. मग प्रत्येकाला ते स्वतः करून बघायचं होतं. लायब्ररीत आवाज नको वगैरे मी म्हणाले नाही.

मादामचं इंग्रजी त्या तासात काही सुधारलं नाही, तसा चमत्कार कुणी समजू नये. "हे, मागे. हे, आत. हात लाव." एवढ्यावर काम भागत होतं. मघाशी डाव्याचं उजवं पाठ करून बसलेली मुलगी त्यांच्या शेजारी सरकून बसली ती उठायला तयार नव्हती.

प्राध्यापिका पोहोचल्या तेव्हा टेबलाभोवती कोंडाळं होतं. थोडा वेळ मागे उभ्या राहून बघत होत्या. मग विचारलं, कुठे शिकलात? मादाम हैतीच्या राजधानीत, पोर्त-ओ-प्रँसमध्ये शिकल्या होत्या, नंतर बरीच वर्षं हाडांच्या वॉर्डात नर्स. ज्या कॉलेजात शिकल्या ते 12 जानेवारी 2010 च्या भूकंपात कोसळलं. इथे नर्सचा परवाना राज्य देतं. परदेशी शिक्षणाची तपासणी, इंग्रजीची परीक्षा, मग एनक्लेक्स नावाची परवाना परीक्षा. तपासणीसाठी कागद मूळ कॉलेजकडूनच थेट यावे लागतात. मादाम सध्या एका वृद्धाश्रमात साफसफाई करतात.

प्राध्यापिकेने दुसऱ्याच दिवशी शिकवणी केंद्राला लिहिलं, यांना ट्यूटर म्हणून घ्या. उत्तर आलं की ट्यूटरने तो विषय याच कॉलेजात घेतलेला असावा आणि त्यात चांगली श्रेणी असावी. नियम वाईट हेतूने केलेला नाही हे मला कळतं, तरी त्या उत्तरावर मी दिवसभर धुमसत होते. आमच्या हातात जेवढं होतं तेवढं केलं. परदेशी नर्सच्या परवान्याची माहिती, राज्याच्या मंडळाचे अर्ज, परीक्षेच्या सरावाच्या डेटाबेसची लिंक, सगळं एका पानावर, सोप्या इंग्रजीत. मादामनी ते वाचलं आणि सध्यापुरता वेगळाच रस्ता धरला. नर्सिंग असिस्टंटचा कोर्स, केंद्र सरकारच्या नियमाने किमान 75 तासांचा. म्हणजे रुग्णाला कूस कशी बदलावी हे पुन्हा पहिल्यापासून. मी काही बोलणार तर त्याच म्हणाल्या, "खालचा रंग."

डब्यांचं म्हणाल तर आता प्रत्येक हाडावर रंगाचा ठिपका आहे, डाव्याला निळा, उजव्याला लाल. प्राध्यापिका त्यावरही नाराज आहेत, कारण ठिपका बघून बाजू सांगता आली तर मुलं शिकणार काय. म्हणून ठिपके सांध्याच्या आतल्या भागात सरकवले, सहज दिसत नाहीत अशा जागी. हाडं परत घेताना आम्हाला आता दहा मिनिटं जास्त लागतात. बुधवारच्या वाचनगटात ॲनाटॉमीची दोन मुलं येऊ लागली आहेत, घरी स्पॅनिश बोलणारी. आणखी एका डब्याची मागणी मी बजेटमध्ये टाकली आहे, ती अजून मंजूर व्हायची आहे.