रुआँची घड्याळगल्ली, मान वर करून

पॅरिसच्या सँ-लाझार स्टेशनवरून रुआँला दीड तासात पोचलो, तेही नेमके सोमवारी. त्या दिवशी घड्याळाचा मनोरा बंद असतो, हे तिथल्या पाटीवरूनच कळलं. मग एक रात्र मुक्काम वाढवला. तुम्ही मंगळवार ते रविवार यातलाच दिवस निवडा.

रू द्यू ग्रो-ऑर्लोज, म्हणजे 'मोठ्या घड्याळाचा रस्ता', फ्रान्सची वीरांगना जोन ऑफ आर्क हिला 1431 मध्ये जिथे जिवंत जाळलं त्या जुन्या बाजारचौकापासून कॅथेड्रलपर्यंत जातो. नुसतं चालायला दहा मिनिटंही लागत नाहीत, आम्हाला मात्र अख्खी सकाळ पुरली नाही. 1971 पासून इथे गाड्यांना बंदी आहे, त्यामुळे वर बघत चालता येतं. तळमजल्यावर कपड्यांची आणि मोबाईलची दुकानं आहेत, त्यात काही पाहण्यासारखं नाही. जुनं गाव पहिल्या मजल्यापासून वर सुरू होतं.

घरं लाकडी सांगाड्याची. ओकचे खांब, आडव्या-तिरक्या तुळया आणि मधल्या खणांत गवत-मातीचा गिलावा. पुण्याच्या वाड्यांत वाढलेल्या माणसाला हे लगेच ओळखीचं वाटतं. फक्त आपल्याकडे सागवान. जागा वाढवायला वरचा मजला रस्त्यावर पुढे काढायची पद्धत होती. गल्ल्यांत अंधार व्हायला लागला, आगही पटकन पसरायची. शेवटी 1520 मध्ये त्यावर बंदी आली. म्हणून वय ओळखायची सोपी युक्ती: मजले पुढे झुकलेले असतील तर घर बहुतेक 1520 च्या आधीचं, भिंत सरळ असेल तर नंतरचं.

रस्त्याच्या मधोमध दगडी कमान आणि तिच्यावर ते घड्याळ. 1382 मध्ये करवाढीविरुद्ध गावाने बंड केलं, तेव्हा राजाने शिक्षा म्हणून घंटाघर पाडून घंटा काढून नेल्या. नवा मनोरा उभा राहिला, 1389 मध्ये यंत्र बसलं आणि ते 1928 पर्यंत चाललं. निळ्या तबकडीवर सोनेरी किरणं आणि काटा एकच, तासाचा! मिनिटांची घाई कुणालाच नव्हती म्हणायची. वरचा गोळा चंद्राच्या कला दाखवतो, खालच्या खिडकीत त्या-त्या वाराचा देव येतो. कमानीखाली उभं राहून वर बघा, मेंढपाळ आणि त्याचा कळप कोरलाय. हे गाव लोकरीवर श्रीमंत झालं.

एक गंमत: आजच्या फ्रेंचमध्ये 'ऑर्लोज' स्त्रीलिंगी आहे, पण या घड्याळाच्या नावात ते पुल्लिंगीच राहिलं. मराठीत ते घड्याळ, म्हणजे नपुंसकलिंगी. तिघांनी मिळून तिन्ही लिंगं वाटून घेतली!

मनोऱ्याचा जिना गोल आणि अरुंद आहे, पाठीवर मोठी सॅक नको. फरशी दगडी, खडबडीत. चाकांची बॅग ओढत आणली तर अख्ख्या गल्लीला कळतं (आम्ही ते करून बसलो).

दुपारी कॅथेड्रलवरून पुढे सँ-माक्लू चर्चपर्यंत जरूर चाला. तिथे प्लेगच्या साथीतल्या मृतांच्या दफनभूमीभोवती 16 व्या शतकातलं लाकडी चौसोपी बांधकाम आहे. तुळयांवर कवट्या, हाडं, कुदळी कोरल्यात. आत जायला पैसे लागत नाहीत. आम्ही तिथे पायरीवर बसून डबा खाल्ला, आणि बराच वेळ कुणीच काही बोललं नाही.